बापाचा खांदा आणि आपली आत्मकथने

दलित आत्मकथनांतील आईवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. बाप मात्र दोन साच्यांत अडकून पडला. एक दारू पिऊन मारणारा, दुसरा पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकवणारा. पहिल्याबद्दल चीड, दुसऱ्याबद्दल कृतज्ञता. आपली समीक्षा तेथेच थांबते. मूल रांगत होते, अंधाराला भीत होते, तेव्हा हा बाप कोठे होता आणि त्याला तेथे कोणी ठेवले होते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

मानसशास्त्रानेही बापाला बराच काळ उंबऱ्याबाहेरच ठेवले. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्याच्या केंद्रस्थानी आई होती. बापाचे काम मुख्यतः आईला आधार देण्याचे. पुढे १९६४ साली शॅफर आणि एमर्सन यांनी ग्लासगोमधील ६० बालकांचा अभ्यास मांडला. ही मुले बहुतांशी कामगारांच्या घरातली. दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना बापाचाही लळा लागलेला दिसला. शिवाय लळा केवळ भरवणाऱ्याचा लागत नाही. रडण्याला, हाकेला जो ओ देतो त्याचा लागतो, असेही त्यांना आढळले. मेरी एन्सवर्थ यांनी ‘सुरक्षित आधारा’ची कल्पना मांडली: पाठीशी कोणी आहे या भरवशावर मूल जगाकडे पाऊल टाकते आणि भ्याले की परत येते.

परंतु या कल्पनेत एक गृहीत दडलेले आहे. आधार देणारा माणूस स्वतः सुरक्षित आहे, असे ती धरून चालते. आमच्या घरात हे गृहीतच कोसळते.

शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या दृष्टीने पुन्हा वाचावे. बाप गावचा तराळ. विहिरीत प्रेत सापडते आणि ते काढण्यासाठी बापालाच आत उतरवले जाते. पोरगा हे पाहतो. जातीय अत्याचाराचा पुरावा म्हणून हा प्रसंग आपण वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण पोराच्या बाजूनेही तो वाचला पाहिजे. ज्याच्या आडोशाला जगाची भीती वाटू नये, तोच माणूस हुकमाने विहिरीत उतरतो. अस्पृश्यतेने बापाचे श्रम फुकट घेतले, तसा पोराचा आडोसाही हिरावून घेतला.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) दुसरी तऱ्हा आहे. जन्म देणारा पाटील जिवंत आहे, पण बाप म्हणून तो उभा राहत नाही. शाळेत बापाचे नाव विचारले की पोर निरुत्तर होते. त्याच घरात आजी संतामायबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार आहे, बसस्टँडवर हमाली करणारा. त्याचे ना रक्त एक, ना जात, ना धर्म. तरी पोराला जीव लावतो तो हाच. शाळेच्या दाखल्यावर त्याला जागा नाही. आपल्या समीक्षेनेही ‘अनौरस’ या शब्दावर इतके लक्ष दिले की हा माणूस जवळजवळ सुटून गेला. ग्लासगोच्या अभ्यासातले तथ्य या हमालाने कधीच जगून दाखवले होते.

नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’चे (१९९३) मोल मला यासाठी वाटते की मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेल्या बापाच्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आठवणी त्यात आहेत. बाप केवळ मुलाच्या आठवणीत उरत नाही, स्वतः बोलतो. असे बाप आपल्या साहित्यात किती?

येथे स्वतःचे सांगणे भाग आहे. माझे वडील ऊसतोडीला जात. दसरा झाला की आईवडील कोयते घेऊन निघत आणि मी गावी आजीजवळ राही. मी दीडदोन वर्षांचा असताना हंगाम संपवून ते परतले, तेव्हा त्यांना पाहून मी आजीच्या लुगड्यामागे दडलो, असे ती सांगे. वडील काही बोलले नाहीत, हातपाय धुऊन बाहेर बसले. हे सहा महिने आमच्याकडून कारखान्याने आणि मुकादमाच्या उचलीने नेले. त्याचा दोष मी वडिलांना देणार नाही.

पण उरलेले सहा महिने? तेव्हा वडील घरीच असत आणि तरी मला उचलून घेत नसत. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे पोर मांडीवर घेणे बाप्याला शोभत नाही, ही समजूत. हा अंतराय कोणा सवर्णाने घातलेला नव्हता. पुरुषपणाची ही ऐट आपण वरून घेतली आणि जपली. व्यवस्थेने नेलेला बाप आणि स्वतःहून दूर बसलेला बाप यांच्यात फरक न करणारी समीक्षा एक तर बापाला फासावर देते, नाही तर निर्दोष सोडते. दोन्हींत मूल एकटेच राहते.

म्हणून ऊसतोड कामगाराच्या मजुरीबरोबर त्याच्या तान्ह्या पोराचा प्रश्नही चळवळीच्या मागण्यांत आला पाहिजे. आणि जे आपण आज शिक्षक आहोत, कार्यकर्ते आहोत, सभा-मोर्च्यांतून रात्री उशिरा घरी येतो, त्यांना तर कोणी मुकादम अडवून धरत नाही. आपली मुलेही उद्या लिहिणार आहेत. त्यांनी आपल्याला कोणत्या साच्यात घालावे, हे अजून आपल्या हातात आहे.