वच्छोमी आणि वाचिक अभिनय : डॉ. श्रीराम लागू यांच्या कारकिर्दीचा विचार

आजच्या वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरात घडवून आणला आहे, आणि ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ हे प्राकृत नाव दिले आहे. ते नाव वत्सगुल्मावरूनच आलेले आहे. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना ही कथा परिचित असली, तरी तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग ही वधू देशोदेशी फिरते, आणि प्रत्येक देशात तिचा वेष, तिचे विलास आणि तिचे बोलणे पालटते. वेषाच्या रचनेस प्रवृत्ती, विलासाच्या रचनेस वृत्ती आणि वचनाच्या रचनेस रीती अशी नावे राजशेखर देतो. म्हणजे येथे रीती ही ग्रंथात वाचावयाची वस्तू नसून, समोर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या मुखातून ऐकावयाची वस्तू आहे. विदर्भात ही वधू समास टाळून बोलू लागते आणि काव्यपुरुष तिला पूर्णपणे वश होतो. हा प्रसंग मुळातच नाट्याचा आहे. तेव्हा रीतीची ही कल्पना नटाच्या वाचिक अभिनयास लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

अशा परीक्षेस मराठीत डॉ. श्रीराम लागू यांच्याइतका योग्य नट क्वचितच सापडेल. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे त्यांचा जन्म झाला. कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात आणि पुढे टांझानियात व्यवसाय केला. पुण्याच्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’मध्ये हौशी नट म्हणून त्यांची घडण झाली. १९६९ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ या वसंत कानेटकरांच्या नाटकापासून त्यांनी रंगभूमी हाच व्यवसाय मानला. १७ डिसेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीचा विचार करताना भूमिकांची संख्या व त्यांतील वैविध्य यांवर भर देण्याचा प्रघात आहे. परंतु या नटाचे खरे वैशिष्ट्य वैविध्यात नसून एका स्थिर रीतीत आहे, आणि तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा यांचे मूळ एकच आहे.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले आणि नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ते दिग्दर्शित केले. अप्पासाहेब बेलवलकर हे पात्र दोन भाषा बोलते. एक भाषा घरातली, म्हाताऱ्या नवराबायकोच्या थट्टेची. दुसरी रंगभूमीवरची, गतकाळच्या नाटकांतील भाषणांची. जुन्या संप्रदायातला नट या दुसऱ्या भाषेत रमला असता आणि पहिलीकडे केवळ विश्रांती म्हणून पाहिले असते. लागूंनी हा क्रम उलटा केला. भव्य भाषणे ही त्या माणसाची सवय आहे, त्याचा जुना अंगरखा आहे, हे ओळखून त्यांनी दुःखाचा भार साध्या वाक्यांवर टाकला. येथे असमासता दिसते ती व्याकरणात नव्हे, तर उच्चारात. वाक्यातील प्रत्येक पद आपल्या सीमेसह कानी पडते. वाक्याचा शेवट, जेथे मराठीत क्रियापद येते आणि जेथे पुष्कळ नटांचा श्वास संपतो, तेथेही आवाज खाली पडत नाही. विराम हा भावनेच्या प्रदर्शनासाठी नसून अर्थाच्या विभागणीसाठी येतो. १९७४ च्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’त चौकशी समितीपुढे उभा असलेला गो. पु. देशपांड्यांचा प्राध्यापक कुलकर्णी लागूंनी उभा केला. वैचारिक गद्य रंगमंचावर तग धरू शकते, हे त्या भूमिकेने दाखविले ते याच रीतीच्या बळावर. पुढे सत्तरी ओलांडल्यावर ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये त्यांनी सॉक्रेटिस साकारला. तोही वाक्याच्या न्यायावर जगणारा आणि मरणारा माणूस होता, हा योगायोग म्हणता येणार नाही.

चित्रपटात या रीतीची परीक्षा अधिक कठीण होती. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) हा हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरील ‘ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या कथासूत्रावर आधारलेला आहे. मूळ चित्रपटातील अध्यापकाची भूमिका एमिल यानिंग्स या विख्यात जर्मन नटाने केली होती. माक्स राइनहार्टच्या रंगभूमीवर वावरलेला हा नट मूकपटांमुळे हॉलिवूडमध्ये पोहोचला आणि उत्कृष्ट अभिनेत्याचे पहिले ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. परंतु बोलपट आला आणि त्याच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे त्याला तेथील वाट बंद झाली. देहाचा अभिनय सीमा ओलांडून गेला, वाणीचा ओलांडू शकला नाही. लागूंचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. ते पडद्यावर आले ते वाणी घेऊन. ‘पिंजरा’तील गुरुजी गावाला सदाचार शिकवितात तो शब्दांनी, आणि त्यांचे पतन पूर्ण होते ते शब्द सोडल्यावर. स्वतःच्याच खुनाचा आरोप अंगावर असताना, गावाने पूजिलेला आदर्श जिवंत राहावा म्हणून ते आपली ओळख सांगत नाहीत. ज्याचे प्रत्येक वाक्य आजवर स्पष्ट ऐकू आले, त्याचे मौन म्हणूनच असह्य होते.

‘सामना’ या तेंडुलकरांनी लिहिलेल्या व जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात हीच रीती आणखी एका प्रकाशात दिसते. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी गेलेल्या या चित्रपटात निळू फुले यांचा हिंदुराव पाटील ग्रामीण बोली बोलतो आणि लागूंचा मद्यपी मास्तर प्रमाण मराठी. सत्ता बोलीच्या बाजूला आहे आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रमाणभाषेच्या. फुल्यांची बोली अस्पष्ट नाही. तीही तितकीच नेमकी आहे, किंबहुना तिच्या नेमकेपणामुळेच सामना बरोबरीचा होतो.

येथेच लागूंच्या मर्यादेचा प्रश्न उपस्थित होतो. शिक्षक, प्राध्यापक, नट, तत्त्वज्ञ अशा त्यांच्या संस्मरणीय भूमिका बहुतांशी सुशिक्षितांच्या आहेत. शंभरांवर हिंदी चित्रपटांतून त्यांच्या वाट्याला पुष्कळदा न्यायाधीश, डॉक्टर, अधिकारी आले. ‘घरौंदा’ (१९७७) मधील वृद्ध धनिकासारखे अपवाद त्यांत थोडेच. वाणीतील अधिकार हा भूमिकांच्या निवडीचाही नियम होऊन बसला. हा दोष केवळ नटाचा नव्हे. स्पष्ट बोलणे म्हणजे प्रमाण बोलणे, असे समीकरण मराठी रंगभूमीने फार पूर्वीपासून मांडून ठेवले आहे. वऱ्हाडातील विद्यार्थी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतो, म्हणून त्याला गंभीर भूमिका नाकारली जाते आणि विनोदी नोकराची दिली जाते. मग तोही लागूंची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांचे स्वर उचलू पाहतो. त्यातून नक्कल होते, रीती येत नाही.

रीती आणि बोली या दोन भिन्न गोष्टी आहेत. पदांच्या सीमा राखणे, वाक्याचा शेवट सांभाळणे, अर्थानुसार थांबणे ही तीनही तत्त्वे कोणत्याही प्रत्ययांशी बांधलेली नाहीत. ‘ले’ प्रत्ययाच्या बोलीतही ती तितकीच पाळता येतात. लागूंकडून घ्यावयाचे ते हे, पुण्याचे उच्चार नव्हेत. त्यांच्या भाषणातील विरामांची व स्वराघाताची पद्धतशीर मोजणी, आणि तिच्या शेजारी वऱ्हाडी निवेदकांच्या बोलण्याची तशीच मोजणी, हे काम भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे. ज्या नगराने स्वच्छ, असमास बोलण्याला आपले नाव दिले, तेथील विद्यार्थ्याने आपली बोली रंगमंचाला अयोग्य मानावी, हा इतिहासाचा विपर्यास आहे.