मोजपट्टी कोणाची?

मेंदूला इजा झाली की वाचा, स्मृती, स्वभाव कसे पालटतात, हे न्यूरोसायकॉलॉजी सांगते. मानसोपचार करणाऱ्याने ती शिकलीच पाहिजे. मग डोक्याला मार लागलेल्या मजुराला कोणी आळशी वा बाधलेला म्हणणार नाही. माझे भांडण शास्त्राशी नाही, त्याच्या मोजपट्टीशी आहे.

१९७५ सालची ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी ३० गुणांची. शंभरातून सात-सात वजा करा, कागदावरचे वाचून डोळे मिटा, एक वाक्य लिहा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले, ते येथे आधीच नापास! घरातला पहिला पदवीधर म्हणून मी विचारतो: हिंगणघाटकडची कापूस वेचणारी बाई सेवाग्रामच्या दवाखान्यात आली, तर तिचे गेलेले गुण मेंदूचे की शाळेचे?

सोव्हिएत शास्त्रज्ञ लुरिया याने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतले वेगळे काय, असे विचारले. लाकडावाचून हत्यारे कशाला, असे उत्तर आले. यात त्याला मेंदूचा दोष नव्हे, जगण्याची रीत दिसली. पण शाळेतला विचार वरचा, ही उतरंड त्यानेही मोडली नाही.

हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी केलेली हिंदी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वाक्य लिहायचे नाही, घराविषयी बोलायचे. वाचून नव्हे, समोरच्याचे पाहून डोळे मिटायचे. ही वाट खरी.

तपासणाऱ्याने आधी विचारावे: शाळा किती, बोली कोणती, पूर्वी काय जमत होते? आठवड्याची मजुरी तोंडी जुळवणारी बाई आज तिथेच चुकत असेल, तर तो पुरावा. बाकीचे गुण व्यवस्थेचे.