भिंतीवरचे एकच चित्र

अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनी जून १९४२ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात एक आठवडा घालविला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गांधीचरित्रात राजकारणाचा तपशील विपुल आहे. तथापि आम्हांस त्यातील एक लहानसा प्रसंगच अधिक मोलाचा वाटतो. गांधीजींच्या मातीच्या कुटीत भिंतीवर शोभेची वस्तू एकच होती. ती म्हणजे प्रभू येशूचे कृष्णधवल चित्र. त्याखाली, ख्रिस्त हाच आपली शांती, या आशयाचे वचन होते. फिशर यांनी त्याविषयी विचारले. गांधीजी उत्तरले की, आपण ख्रिस्ती आहोत, तसेच हिंदू, मुसलमान आणि यहुदीही आहोत.

श्रद्धेच्या दृष्टीने या उत्तराशी आमचा मतभेद राहीलच. परंतु लेखकाचे श्रेय असे की, चित्राचे नुसते वर्णन करून तो थांबला नाही. ज्याने ते जपले त्यालाच त्याने बोलते केले.

याच आश्रमात जतन केलेला गांधीजींचा चष्मा चोरीस गेल्याचे २०११ साली उघड झाले. जपलेली वस्तूही जाते. तिच्याविषयी सांगितलेले मात्र मागे उरते.

आपल्या घरोघरी आजीची जपमाळ, प्रथम कम्युनियनची मेणबत्ती, आजोबांचे जीर्ण प्रार्थनापुस्तक कपाटात जपलेले असते. त्यांचा इतिहास मुलांनी कधी विचारला आहे काय? आणि विचारल्यास तो सांगणारे किती जण उरले आहेत? फिशर यांचा हा प्रसंग कुटुंबाने एकत्र बसून वाचावा आणि मग ते कपाट उघडावे.