कष्ट आणि व्यायाम एकाच रकान्यात?

गरोदरपणी व्यायाम केला की बाळाचा मेंदू तल्लख होतो, ही बातमी सारखी फिरत असते. मूळ चाचणी माँट्रियल विद्यापीठाची, 2017 मध्ये छापलेली. आठवड्यातून तीनदा, 20 मिनिटं व्यायाम. मग 8 ते 12 दिवसांच्या बाळांचा ईईजी काढला. आवाजाला मेंदूचा प्रतिसाद जास्त परिपक्व दिसला. पण बाळं किती? जेमतेम 18! वेदनेच्या संवेदनेबद्दलचा पुरावा तर मुख्यतः उंदरांवरचा. त्यातही बऱ्याचदा मनाला येईल तेव्हा चाकावर पळायचं, पोटभर खायचं.

आता आपल्याकडे या. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’त शेतकाम, पाणी भरणं, धुणं यांना गुण दिले होते. 2003 च्या शोधनिबंधात श्रम जास्त तिथे बाळाचं वजन कमी, डोक्याचा घेरही कमी. अभ्यास निरीक्षणाचा, त्यामुळे गरिबीचा वाटा पूर्ण वेगळा काढणं अवघड, हे मान्य.

पण आमच्या घनसावंगी-अंबडकडून ऊसतोडीला जाणारी गरोदर बाई कुठल्या गटात टाकाल? ‘शारीरिक हालचाल’ एवढाच रकाना ठेवला, तर तीच सगळ्यांत ‘व्यायाम करणारी’ ठरेल. प्रश्नावली बनवताना नुसते तास नका विचारू. ओझं किती होतं, खाल्लं काय, दमल्यावर थांबता आलं का, हेही विचारा.