‘हर्णे’ या शब्दाची लांबी : जालरचनेतील भाषानिवडीचा विचार

जालस्थळाच्या रचनेसाठी कोणती स्क्रिप्टिंग भाषा निवडावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा वेग, सुलभता आणि लोकप्रियता यांच्या तुलनेपाशी थांबते. ही तुलना निरुपयोगी नाही. परंतु तीत एक मूलभूत मुद्दा सुटतो. एकाच जालस्थळात सहसा एकाहून अधिक भाषा नांदतात, आणि पुष्कळदा दोष त्यांपैकी कोणत्याही एकीत नसून त्यांच्या सीमेवर उद्भवतो. मराठी मजकुराच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

उदाहरणादाखल दापोली तालुक्यातील, सुवर्णदुर्गासमोरच्या हर्णे बंदराचे नाव घ्यावे. वाचकाच्या दृष्टीने त्यात दोन अक्षरे आहेत. यूनिकोडमध्ये मात्र ते ह, र, हलन्तचिन्ह, ण आणि एकाराची मात्रा अशा ५ चिन्हांनी लिहिले जाते. आणि यूटीएफ-८ पद्धतीत यांतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापीत असल्याने त्याचे १५ बाइट होतात. पीएचपीचे लांबी मोजण्याचे नेहमीचे फंक्शन १५ हे उत्तर देते. जावास्क्रिप्ट आणि पायथॉनची तिसरी आवृत्ती ५ असे सांगतात.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. नोंदणीच्या एखाद्या अर्जात आडनावास २० ही मर्यादा घातली आहे, अशी कल्पना करावी. ‘हर्णेकर’ हे आडनाव ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट ७ मोजून स्वीकारील. सर्व्हरवरील पीएचपी तेच २१ मोजून नाकारील. नाकारण्याऐवजी विसाव्या बाइटवर तोडल्यास अखेरचा ‘र’ भंगेल. रोमन लिपीत हेच आडनाव ८ बाइटांत मावते. म्हणून रोमन नावे घालून केलेल्या चाचणीत हा दोष दिसत नाही, आणि त्याची झळ फक्त आपले नाव आपल्या लिपीत लिहिणाऱ्यास लागते.

यावर दोन्ही बाजूंस एकच भाषा वापरावी, असा उपाय सुचविला जातो. २००९ साली आलेल्या नोडमुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालविणे सुकर झाले, आणि त्यामुळे वरील विसंगती टळते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ५ ही संख्याही वाचकाची अक्षरसंख्या नव्हे. यूनिकोडच्या जुन्या गटनियमांनी या शब्दाचे ‘ह’, ‘र्’, ‘णे’ असे ३ गट पडत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीने जोडाक्षर अखंड मानल्यावर ते २ झाले. म्हणजे भाषा एक असूनही ब्राउझर नवा आणि सर्व्हर जुना असल्यास उत्तरे भिन्न येऊ शकतात. एकभाषेचा आग्रह येथे अपुरा पडतो.

याउलट २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रचना पाहण्याजोगी आहे. तिच्या मुळाशी असलेली मीडियाविकी ही प्रणाली पीएचपीत आहे. रोमन कळफलकावरून देवनागरी उमटविण्याचे काम जावास्क्रिप्ट करते, कारण ते कळ दाबताक्षणी ब्राउझरमध्येच व्हावे लागते. गुंतागुंतीच्या साच्यांसाठी २०१३ पासून लुआ ही भाषा उपलब्ध झाली. आणि लुआची मूळ फंक्शने बाइट मोजतात, हे ओळखून यूनिकोड चिन्हे मोजणारा स्वतंत्र संचही तिच्यासोबत पुरविण्यात आला. मजकुराचे विश्लेषण करणारी पार्सॉइड ही प्रणाली प्रथम जावास्क्रिप्टमध्ये होती; मूळ प्रणालीत तिचा समावेश करता यावा म्हणून २०१९ मध्ये ती पीएचपीत आणली गेली. भाषा जोडणे आणि जोडलेली भाषा मागे घेणे, हे दोन्ही निर्णय येथे कामाच्या स्वरूपावरून झाले. भाषेच्या प्रतिष्ठेवरून नव्हे.

तात्पर्य, भाषांची संख्या हा गौण प्रश्न आहे. साठवणीची मर्यादा बाइटांत, वाचकास दाखवावयाची मर्यादा अक्षरगटांत, असे माप आधी निश्चित करावे. प्रत्येक भाषेतील त्या मापाचे फंक्शन हेतुपुरस्सर निवडावे. आणि चाचणी जोडाक्षरयुक्त मराठी नावांनी करावी. एवढे पथ्य पाळल्यास दोन भाषाही सुखाने नांदतील. न पाळल्यास एक भाषाही ‘हर्णेकरां’चे नाव धड लिहू देणार नाही.