‘आवडते संगीत’ : एका प्रश्नावलीचे वाचन

लोकप्रिय वाद्यवृंदातील गायक-वादकांना त्यांच्या चाहत्यांकरिता विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांवरील उत्तरे यांस स्वतंत्र लेखनप्रकार मानता येईल काय, असे विभागाच्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा प्रस्तुत लेखकाने तो प्रश्न हसण्यावारी नेला होता. असला मजकूर रविवारी वाचावा आणि सोमवारी रद्दीत टाकावा, अशीच आपणा सर्वांची समजूत असते. पुढे एक जुनी प्रश्नावली सावकाश वाचण्याचा योग आला आणि त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पोरकट नव्हता, हे मान्य करणे भाग पडले. ‘तुमचे आवडते संगीत कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे अभिरुचीचे निवेदन, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ते निवेदन नसून ऋणनिर्देश असतो; आणि ज्या ऋणाचा तो निर्देश करतो त्याची नोंद पुष्कळदा अन्यत्र कोठेच होत नाही, असे येथे दाखवावयाचे आहे.

ही प्रश्नावली ‘न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस’ या लंडनच्या साप्ताहिकात १५ फेब्रुवारी १९६३ रोजी प्रसिद्ध झाली. उत्तरे देणारे चौघे तरुण लिव्हरपूलचे : जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. त्या दिवसापर्यंत ‘बीटल्स’ या नावाने त्यांच्या दोनच छोट्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या होत्या. प्रश्नावलीचा साचा ठरलेला होता. उंची, वजन, आवडते खाद्य असे रकाने एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे चौघांची उत्तरे. वाक्य असे जवळजवळ नाहीच, नुसती नामे. क्रियापद नसलेल्या या गद्याकडे भाषाभ्यासकाचे लक्ष जावे ते याचसाठी. जेथे वाक्यरचना नाही तेथे सारा अर्थ निवडीवर आणि वगळण्यावर येऊन पडतो.

आवडत्या गायकांचा रकाना पाहावा. लेननने शिरेल्स, मिरॅकल्स, चक जॅक्सन आणि बेन ई. किंग ही नावे दिली. मॅकार्टनीने बेन ई. किंग, लिटल रिचर्ड, चक जॅक्सन आणि लॅरी विल्यम्स. हॅरिसनने लिटल रिचर्ड आणि अर्था किट एवढ्यांवर भागविले, तर स्टारने ब्रूक बेंटन आणि लाइटनिन हॉपकिन्स यांना निवडले. एकूण बारा निर्देश आणि नऊ नावे. या नऊंत एकही ब्रिटिश नाही, आणि एकही गोरा नाही. १९६३ च्या आरंभी इंग्लंडमध्ये तरुण गायक म्हटला की ज्याचे नाव ओठांवर यावे तो क्लिफ रिचर्ड येथे नाही. अधिक नवल असे की एल्व्हिस प्रेस्लीही या रकान्यात नाही. शब्दसंचातून एक शब्द उचलला की उरलेले न उचललेले शब्द त्याच्या पाठीशी उभे राहतात, हे आपण एम. ए.च्या पहिल्याच सहामाहीत शिकवितो. त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

परंतु खरी सामग्री आहे ती आवडत्या संगीतकारांच्या रकान्यात. लेननने तेथे ल्यूथर डिक्सन हे नाव दिले, मॅकार्टनीने गॉफिन आणि किंग ही जोडी. स्टारने बर्ट बकारॅक यांच्याबरोबर आपल्याच दोघा सोबत्यांची नावे सांगितली. हॅरिसनचे उत्तर ‘विशेष कोणी नाही’ असे आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

हा अंक प्रसिद्ध होण्याच्या चार दिवस आधी, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, या चौघांनी लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत आपल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीते एका दिवसात गाऊन संपविली होती. मुद्रिकेत चौदा गीते आहेत; आठ स्वतःची, सहा दुसऱ्यांची. त्या सहांपैकी ‘चेन्स’ हे गॉफिन-किंग यांचे, ‘बॉइज’ हे ल्यूथर डिक्सन आणि वेस फॅरेल यांचे, आणि ‘बेबी इट्स यू’ हे बकारॅक, मॅक डेव्हिड आणि पुन्हा डिक्सन यांचे. म्हणजे प्रश्नावलीत उल्लेखिलेले बाहेरचे सगळे संगीतकार त्या एका मुद्रिकेत हजर आहेत, आणि स्टारने ज्या दोघा सोबत्यांची नावे दिली त्यांची आठ गीतेही तेथेच आहेत. रकाना आणि ध्वनिमुद्रिका या एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती होत, असे म्हणावयास हरकत नाही. आणखी बारकाईने पाहता, लेननच्या रकान्यात अग्रभागी असलेला शिरेल्स हा न्यू जर्सीतील पॅसेइक गावच्या चार तरुणींचा संच. १९६० साली त्यांची जी गाजलेली मुद्रिका निघाली तिच्या दर्शनी बाजूवर गॉफिन-किंग यांचे गीत होते आणि पाठीमागच्या बाजूवर ‘बॉइज’. दोघा मित्रांच्या दोन आवडी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर सापडाव्यात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. ‘बॉइज’ हे मुलींनी मुलांविषयी गावयाचे गीत. ते बीटल्समध्ये स्टार हा पुरुष गातो आणि कोणाला फारसे खटकत नाही. प्रथमपुरुषी क्रियापदाला इंग्रजीत लिंग नाही, म्हणून हे निभावते. मराठीत ‘मी गेले’ की ‘मी गेलो’ हे पहिल्या ओळीतच ठरवावे लागते. येथे गायक बदलला तर व्याकरणही बदलावे लागेल, अथवा गायकाला बालगंधर्व व्हावे लागेल.

आता ऋणाचा मुद्दा. ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर गीताच्या नावापुढे कंसात कर्त्यांची नावे छापली जात, कारण विक्रीतून त्यांस स्वामित्वधन द्यावयाचे असे. ज्या गायिकांच्या कंठातून ते गीत या तरुणांच्या कानी पडले, ज्यांची लय, ज्यांचा मागून येणारा साथीचा स्वर त्यांनी उचलला, त्यांना त्या विक्रीतून काही मिळण्याची तरतूद नव्हती आणि चकतीवर त्यांचे नाव छापण्याचे बंधनही नव्हते. गीताचा आराखडा ही कायद्याने मालमत्ता. गाण्याची रीत ही मालमत्ता नव्हे. म्हणून चकतीवर शिरेल्स नाहीत, प्रश्नावलीत आहेत. इतकेच काय, ‘बेबी इट्स यू’च्या कंसात डिक्सनसुद्धा स्वतःच्या नावाने नाही; त्याने त्या गीतापुरते ‘बार्नी विल्यम्स’ असे टोपणनाव घेतले होते, आणि तेथे ‘विल्यम्स’ एवढेच दिसते. चकती वाचून जे कळत नाही ते ‘आवडता संगीतकार’ या फुटकळ रकान्यात खऱ्या नावाने नोंदलेले आहे.

आपल्याकडे मैफलीत गुरूचे नाव घेताना गवयाचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. रसिकांना ही खूण कळते. या तरुणांपाशी तशी मुद्रा नव्हती. त्यांना मिळाला तो छापील रकाना, आणि त्यांनी तो त्याच कामी वापरला.

यावर आक्षेप येईल की, असली उत्तरे प्रसिद्धीकरिता दिलेली असतात, त्यांस इतके वजन कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मॅकार्टनीने आवडता वाद्यवृंद म्हणून बिली कॉटन यांचे नाव दिले आहे. बी. बी. सी.वर रविवारी दुपारी घरोघर ऐकू येणारा हा घरगुती करमणुकीचा वृंद. त्याचा बीटल्सच्या गाण्याशी काडीचा संबंध नाही. हे उत्तर थट्टेचे असेल किंवा रेडिओवाल्यांच्या मर्जीचे असेल. ऋणनिर्देशाचे खासच नव्हे. तेव्हा खरे उत्तर आणि औपचारिक उत्तर यांत भेद करण्याची काही कसोटी हवी. ती कसोटी बाहेर आहे : नाव घेतल्यानंतर त्या माणसाचे गाणे उत्तर देणाऱ्याच्या गाण्यात सापडते की नाही? लॅरी विल्यम्सची तीन गीते बीटल्सनी पुढे मुद्रित केली. लिटल रिचर्डच्या आरोळ्या मॅकार्टनीच्या गळ्यात शेवटपर्यंत राहिल्या. बिली कॉटनचे काहीही सापडत नाही.

१९६३ च्या जून ते सप्टेंबर या काळात बी. बी. सी.ने ‘पॉप गो द बीटल्स’ ही पंधरा भागांची मालिका प्रसारित केली. तीत श्रोत्यांच्या फर्माइशी वाचल्या जात आणि उत्तर गाऊन दिले जाई. आपले ते गाणे म्हणतच. पण त्याखेरीज ज्यांची मुद्रिका त्यांनी कधी काढली नाही अशा परक्या गीतांचा तेथे मोठा भरणा होता. १९६२ ते १९६५ या काळात बी. बी. सी.साठी त्यांनी एकूण ८८ गीते गाइली. त्यांपैकी ३६ गीते त्यांनी त्या काळात मुद्रिकांवर आणली नाहीत. रकान्यात जे नाम होते त्याला येथे क्रियापद मिळाले.

थोडे शब्दांकडे वळू. इंग्रजीत ज्याला ‘फेव्हरिट’ म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील कृपावाचक शब्द आहे. राजाची ज्याच्यावर मर्जी तो त्याचा ‘फेव्हरिट’. आपल्या कहाण्यांतील आवडती आणि नावडती राणी आठवावी : आवड राजाची, भोगणे राणीचे. या शब्दाने विचारलेला प्रश्न उत्तर देणाऱ्याला न मागता सिंहासनावर बसवितो. मराठीत मात्र ‘मला हे गाणे आवडते’ असे म्हणताना ‘मला’ हे रूप चतुर्थीचे, ‘गाणे’ प्रथमेत, आणि क्रियापद चालते ते गाण्याच्या लिंगवचनाने. आवडण्याची क्रिया मी करीत नाही. ती माझ्या ठायी घडते. जुन्या इंग्रजीतही हाच प्रकार होता. आजच्या ‘लाइक’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘रुचणे’, आणि ज्याला रुचते तो चतुर्थीत. पुढे तो प्रथमेत येऊन बसला. १९६३ च्या उत्तरांचे वैशिष्ट्य असे की, प्रश्न सिंहासनाचा असूनही उत्तरे चतुर्थीची आहेत. त्या नऊ नावांवर कृपा करण्याची या चौघांची त्या वेळी ऐपतच नव्हती. १९६४ च्या शरदात इंग्लंडच्या दौऱ्यावर मेरी वेल्स या आवडत्या गायिकेला त्यांनी आपल्याबरोबर रंगमंच दिला, तेव्हा ती ऐपत आली होती आणि तिचा उपयोगही झाला.

ऐपत आल्यावर प्रश्न तोच राहिला, पण उत्तराची जागा बदलली. मे १९६८ मध्ये लेनन आणि मॅकार्टनी न्यू यॉर्क येथे आपल्या नव्या संस्थेची घोषणा करण्यास गेले. आवडता अमेरिकन कलावंत कोण, असे विचारता लेनन म्हणाला : निल्सन. आवडता अमेरिकन वृंद कोणता, असे विचारता मॅकार्टनी म्हणाला : निल्सन. हा एकटा गायक, वृंद नव्हेच. विनोद छान साधला, आणि एका शब्दात एका तरुणाचे भाग्य उजळले. ही कृपाच होय, शब्दाच्या मूळ अर्थाने. पण या हॅरी निल्सनने १९६७ च्या आपल्या मुद्रिकेत बीटल्सचेच एक गीत घेऊन त्यात त्यांच्या इतर गीतांचे तुकडे गुंफले होते, हे विसरून चालणार नाही. १९६३ मध्ये उत्तर देणारे आपल्या गुरूंची नावे घेत होते. १९६८ मध्ये ज्याने त्यांचे नाव घेतले त्याचे नाव ते घेत होते. प्रस्तुत लेखकास पहिले उत्तर अधिक मोलाचे वाटते, जरी दुसरे अधिक उद्धृत केले जाते.

या काळात हॅरिसनची वाट निराळी होती. सतारीच्या ओढीने तो सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे शिकण्यास मुंबईस आला. त्याच्या आदल्या महिन्यात निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या मुद्रिकेच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव छापलेले आहे. मराठी वाचकाची नजर तेथे अडखळल्याशिवाय राहत नाही. परंतु पुढील वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’ या मुद्रिकेत ‘विदिन यू विदाउट यू’ या गीताला दिलरुबा, तंबोरा आणि तबला यांची साथ करणाऱ्या लंडनमधील भारतीय वादकांपैकी एकाचेही नाव वेष्टनावर नाही. भारतीय संगीतावरील आपले प्रेम तो मुलाखतींतून मोकळेपणाने सांगत असे, रविशंकरांचे नाव आदराने घेत असे. नाव घेण्याची ही रीतही घरंदाज गुरूपाशी थांबते आणि रोजंदारीच्या साथीदारापर्यंत पोहोचत नाही, ही तिची मर्यादा येथे उघड दिसते.

राहिला तो ‘विशेष कोणी नाही’ हा रकाना. १९७० मध्ये, बीटल्स विभक्त झाल्यावर, हॅरिसनचे ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गीत निघाले. ते शिफॉन्स या तरुणींच्या संचाने १९६३ साली लोकप्रिय केलेल्या ‘ही इज सो फाइन’ या गीतावरून घेतले आहे, असा दावा मूळ गीताच्या प्रकाशनसंस्थेने लावला. १९७६ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला की, हॅरिसनने हेतुपुरस्सर चोरी केली नाही, तथापि त्याच्या अबोध मनाने ती चाल उचलली. न्यायमूर्तींना मराठी येत असते तर ‘मला’ची चतुर्थी त्यांनी साक्षीस बोलाविली असती. दाव्याची रक्कम ठरली ती हक्काच्या मालकाची. शिफॉन्सचा तीत वाटा नव्हता. त्यांनी मात्र निकालाच्या आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, ‘माय स्वीट लॉर्ड’ स्वतः गाऊन मुद्रित केले होते. आणि तेरा वर्षांपूर्वी हॅरिसनने ज्या रकान्यात कोणाचेच नाव दिले नव्हते तेथे न्यायालयाने एक नाव भरले : रोनाल्ड मॅक, ‘ही इज सो फाइन’चा कर्ता, जो १९६३ मध्येच वारला होता.