पेशीचक्राच्या अभ्यासातील संयुक्त रंजन : एक चिकित्सा

फ्लो सायटोमेट्रीत केवळ प्रोपिडियम आयोडाइड वापरून मिळणारा आलेख डीएनएचे प्रमाण दर्शवितो, पेशीचक्राची गती नव्हे. मध्यम डीएनए असलेली पेशी संश्लेषण करीत आहे की थांबली आहे, हे त्यावरून कळत नाही. ग्रॅट्झनर यांनी १९८२ मध्ये ब्रोमोडीऑक्सियुरिडीनविरोधी मोनोक्लोनल प्रतिपिंड उपलब्ध करून दिल्यावर दोन्हींच्या संयुक्त रंजनाने हा भेद शक्य झाला. मात्र त्यासाठी डीएनएचे धागे आम्लाने किंवा उष्णतेने विलग करावे लागतात. त्यात इतर प्रथिनांच्या खुणा नष्ट होऊ शकतात. २००८ मधील ईडीयू पद्धतीने ही अडचण टाळली. तथापि जी२ व एम यांतील भेद याही जोडीने होत नाही. त्यासाठी हिस्टोन एच३चे फॉस्फोरिलीकरण तपासावे लागते. म्हणून रंजकांची निवड संशोधन-प्रश्नावरून व्हावी, उपलब्धतेवरून नव्हे.